वरणाच्या पातेल्यावरची टोपी

५ जानेवारी १९८६, रविवार

वैजूला टोपी पाहिजे. नात माझी, विशीची, फोर्टात हापिसात टायपिंग करते. मी तांदूळ निवडत होते तर शेजारी येऊन बसली. "आजी, तुला टोप्या करता यायच्या ना गं?" तिच्या साहेबानं २ फेब्रुवारीच्या मोठ्या रेसचे पास वाटलेत, महालक्ष्मीचे, मुलींना दोन दोन. बायकांनी म्हणे शोभेची टोपी घालून यायचं, हातानं केलेली असली तर बक्षीस. म्हटलं, साहेबाला कामं नाहीत वाटतं. तर म्हणते, साहेबाला आहेत, त्याच्या बायकोला नाहीत.

दुसरा पास तिच्या आईचा, शालनचा ठरलाय. शालन आत्तापासून चपला पुसतेय.

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. या खेपेच्या तांदळात खडे फार.

६ जाने.

करता न यायला काय झालं. नऊ वर्षं केल्या. लग्नाआधी एक, नंतर आठ. आत्या झाडू मारायची त्या गोऱ्या मिसबाईच्या टोप्यांच्या दुकानात, मी तिच्याबरोबर गेले तर मिसबाईनं माझी बोटं बघितली आणि फुलांवर बसवली. मलमलीचा तुकडा कांजीत बुडवायचा, वाळूच्या उशीवर ठेवायचा, गरम लोखंडी गोळी दाबायची. पाकळीची वाटी होते. जास्त तापली तर पाकळी जाते आणि वर बोलणी.

आणि माझं डोकं. कुठल्याशा मोठ्या साहेबाच्या मडमेचं आणि माझं डोकं एका मापाचं निघालं, साडेएकवीस इंच. मग तिच्या टोप्या माझ्यावर बेतायला लागले. मग लहान डोक्याच्या सगळ्याच मडमांच्या. मिसबाईनं नावानं हाक कधी मारली नाही. "हेड, कम." खोबरेल लागू नये म्हणून आधी डोक्याला पांढरं फडकं, त्यावर टोपी, आणि हलायचं नाही. आरसा पुढच्या खोलीत, गिऱ्हाइकांसाठी. तिकडं आम्हाला बंदी. म्हणजे रेसच्या दिवसांत रोज मडमांच्या टोप्या घातल्या या डोक्यानं, आणि एक बघितली नाही. मिसबाईच्या तोंडावरून कळायचं. ओठ दाबले की उसवा. एक भुवई वर गेली की झाली.

४७ साली मिसबाई विलायतेला गेली. दुकान बंद.

एकदा बघायचं होतं मला, टोपीत कशी दिसते ते. एवढंच. तेव्हा सतराची होते. आता एकसष्ट झाली, तरी जात नाही मनातून. लाज नाही.

८ जाने.

दत्ताला कळलं. मुलगा माझा, पण जेवताना बापासारखा रागावतो. ताटावरून उठला. "त्या जागेचं नाव घरात नको, आई. बाबांचे सगळे रविवार तिथं गेले."

गेले खरे. हे मिलमध्ये होते, सहा दिवस कापसात, सातवा दिवस घोड्यात. विचारलं की म्हणायचे, तुझ्या टोप्या बघायला जातो. कठड्यापलीकडं मडमा बसतात, दिसतात म्हणे. परत येऊन सांगायचे, आज तुझी गुलाबी आली होती, पुढच्या रांगेत. मी म्हणायची, घोडा कुठला आला ते सांगा. मग पाय धुवायला जायचे.

खोटारडा माणूस. पण खोटं सांगतानासुद्धा रंग चुकायचे नाहीत.

जाऊन सतरा वर्षं झाली.

१० जाने.

करते म्हटलं. वै. गळ्यात पडली. म्हटलं, लांब हो, घाम आलाय.

शिंप्याकडून बकरम आणलं, कॉलरीत घालतात ते. कांजीत भिजवून एखाद्या गोल वस्तूवर ताणून सुतळीनं आवळायचं आणि उन्हात ठेवायचं. सुकलं की खोपडी तयार. मिसबाईकडं लाकडी डोकी होती. इथं पातेली. एकेक डोक्यावर पालथं घालून बघितलं. दुधाचं लहान. भाताचं कानावर येतं. वरणाचं बरोबर बसलं.

शालन दारात उभी. "आई, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

म्हटलं, दोन दिवस वरण कढईत कर.

१२ जाने., रविवार

फुलं जमेनात. मलमलीच्या चार पाकळ्या केल्या, चारी कांद्याच्या सालीसारख्या. डोळा धरत नाही, बोट थरथरतं. ठेवून दिलं आणि हलवा करायला बसले.

संक्रांतीला चाळीतल्या नव्या सुनांचे, बाळांचे हलव्याचे दागिने माझ्याकडून जातात. परातीत तीळ, खाली निखारा मंद, पाकाचा थेंब थेंब आणि बोटांनी फिरवत राहायचं. घाई केली की लाडू होतो. यंदा थंडी बरी आहे, काटा छान आलाय. विधवेनं केलेले चालतात. विधवेनं घातलेले चालत नाहीत. कुणी ठरवलं माहीत नाही, पण त्याला हलवा करता येत नसणार.

फिरवता फिरवता लक्षात आलं. पांढरा, काटेरी, मोत्यासारखा. हे आहे की माझ्या हातात. मलमल कशाला.

काळ्यावर पांढरा हलवा. काळं कापड ट्रंकेत होतं. चंद्रकळा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ह्यांनी आणलेली. घडीवर चिरली होती. कात्री घातली. वाटलं होतं हात थांबेल. नाही थांबला.

१४ जाने., संक्रांत

दागिने गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला हार, बाजूबंद, बिंदी. लहानशी आहे, काळ्या साडीत बाहुलीसारखी. मी दारातूनच बघितली आणि आले.

मग टोपीच्या कडेला तार घातली.

१८ जाने., शनि.

झाली. कड तळहाताएवढी, एका बाजूला उतरती. काळी चंद्रकळा ताणून बसवली, सुरकुती नाही. डाव्या अंगाला हलव्याची सात फुलं, मधल्याच्या पोटात केशरी दाणा, आणि मोत्यांची एक ओळ मागपर्यंत. दाणा दाणा दोऱ्यात आवळलेला. मिसबाईनं ओठ दाबले नसते.

दुपारी वै. हापिसातून अर्ध्या दिवसानं आली. डोक्यावर ठेवली. बसेना. तिचं डोकं आईसारखं मोठं, वर केस हे एवढे. हात काढला की घसरते. केस मोकळे करून बघितले, वेणी पुढं घेऊन बघितली. शालनच्या डोक्यावर ठेवली, तेच.

शालन म्हणाली, "आई, माप कुणाचं घेतलंत?"

मी पातेल्याकडं बघितलं. माप घेतलंच नव्हतं. पातेली एकेक करून माझ्या डोक्यावर घालत बसले होते ना त्या दिवशी. हेड, कम. हाक मारायला कोणी नव्हतं तरी गेले.

वै.नं उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. डब्याचं झाकण बसतं तशी बसली. शालन हसायची थांबली. वै. दोन पावलं मागं गेली आणि बघत राहिली, आणि तिची एक भुवई वर गेली.

मी काढून ठेवली. नव्या नवरीचा हलवा आणि माझं डोकं. शोभतं का.

"आजी, तूच चल."

"दुसरी करते तुझ्या मापाची."

"दुसरी नको. तू चल."

मी भाजी चिरायला घेतली.

२० जाने.

मुंग्या. सकाळी बघते तर फळीवर रांग, पार टोपीपर्यंत. एक फूल पोखरलं. फुंकून, झटकून, नवीन दाणे बांधले. आता परातीत पाणी, पाण्यात वरणाचं पातेलं पालथं, त्यावर टोपी. दुधाला करतो तसं. परात खोलीच्या मधोमध, सगळे वळसा घालून जातात. दत्तासुद्धा. टोपीकडं बघत नाही, पण पाय पाण्यात पडू देत नाही.

वरण अजून कढईत.

२५ जाने., शनि.

शालनचं हळदीकुंकू. भांडुपची वन्सं आली. ह्यांची धाकटी बहीण, हिरवी साडी, तोंड तिखट, बोलणं अजून सगळं मालवणी. मी आतल्या खोलीत. हळदीकुंकवात माझं काय काम. ती आत आली आणि परातीपाशी थांबली.

"वयनी, ह्यां काय?"

"टोपी."

"कोणाची?"

"नातीसाठी केली. तिला होत नाही."

"मगे होता कोणाक?"

या बाईशी खोटं बोलण्यात आयुष्य गेलं, कधी टिकलं नाही. सांगितलं. रेस, मापाचा घोळ, वै. मागं लागलीय ते. आणि वाट बघत बसले, आता काय काय ऐकवते.

ती खाली बसली. टोपीकडं बघतच. म्हणाली, "दादा रेसीसून येताना माझ्याकडे येय. च्याय पिताना सांगी, 'तुझ्या वयनीची फुलां बघून इलंय.' एकदा सांगल्यान, जांभळी फुलां, पोटात पिवळी. माका दाखव म्हटलंय तर म्हणता कसो, तुका आत कोण सोडतला."

मी म्हटलं, थापा मारायचे ते.

"बायलेक थापो मारतत पुरुष. बहिणीक कित्याक मारतीत?"

जांभळं केलं होतं मी. पोटात पिवळं. एकच वर्ष केलं, मिसबाईला आवडलं नाही म्हणून पुन्हा नाही. ह्यांना मी सांगितलं होतं का घरी? आठवत नाही. सांगितलं असेल. नसेलही.

जाताना वन्संनं टोपीचा एक दाणा उपटला, तोंडात टाकला. "गॉड आसा," म्हणाली. एवढंच. नाही बिही काही म्हणाली नाही.

२६ जाने.

जाते म्हटलं. शालननं पास दिला. म्हणाली, चपला काय, पुढच्या लग्नाला घालीन. चांगली आहे, पण तोंडावर सांगायची नाही.

दत्ता ऐकत होता. पेपर पुढं धरून बसला. एकच पान दोन तास.

१ फेब्रु.

आरशात बघायचं म्हटलं एकदा. घरातला आरसा दत्ताच्या दाढीचा, खिळ्यावरचा. त्यात हनुवटी तरी दिसते नाहीतर कपाळ. मागं सरकले तर टोपी दिसते, तोंड नाही. वाकले तर तोंड दिसतं, टोपी नाही. चाळीत मोठा आरसा नव्या सुनेच्या कपाटाला. तिच्या दारात ही टोपी घेऊन मी जायची नाही.

राहू दे. तिथं कुठं असेल.

३ फेब्रु., सोम.

कालचं लिहिते. काल पाय दुखत होते, नुसती पडून राहिले.

सकाळपासून पाणी प्यायले नाही. परक्या जागी संडासाची पंचाईत नको. टोपी पातेल्यासकट नेली, वर फडकं, मांडीवर. टॅक्सीवाला म्हणाला, "माताजी, परसाद है?" म्हटलं, हां.

फाटकाशी वै.नं फडकं काढलं. तिच्या हापिसातली लिझा होती, गोव्याची, गळ्यात कॅमेरा. दोघींनी मिळून टोपी घातली, पिना खोचल्या. वै. म्हणाली, खाली रुमाल बांधू का, तेल लागेल. म्हटलं, लागू दे. टोपी माझी आहे.

नऊवारी, पांढरट, बारीक ठिपक्यांची, आणि वर ती टोपी. पहिल्यांदा वाटलं सगळे बघतायत. मग कळलं, खरंच बघतायत. मी मान हलवली नाही. मान न हलवता उभं राहायचं कुणी मला शिकवायला नको.

हिरवळ बघितली. घोडे बघितले. लांबून पायांचा आवाज नसतो, जवळ आले की जमीन पोटात हलते. ह्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. टोप्यांचं सगळं सांगायचे, घोड्यांचं काही नाही. काल पहिल्यांदा डोक्यात आलं ते.

साहेबाची बायको आली. हिच्या टोपीवर पिसं, विकतची, टाचणीनं टोचलेली. मिसबाई असती तर. मला म्हणते, "ये मोती असली हैं?" मी हात वर केला, मागचा एक दाणा तोडला, तिच्या तळव्यावर ठेवला. रथसप्तमीपर्यंत कुणाशी बोलायचं तर आधी हातावर हलवा ठेवायचा, आमच्यात तसंच. ती दाण्याकडं बघते, वै.कडं बघते. वै. म्हणाली, "खा लो मॅडम, शक्कर है." तिनं खाल्ला आणि ओरडली, आणि मग सगळ्या आल्या. कुणाला नाही म्हणणार. एकीनं दोनदा हात पुढं केला, तिला म्हटलं, बाई, तुला दिलाय.

"आजी, टोपी संपेल," वै. म्हणते.

"संपू दे. ठेवून काय लोणचं घालायचंय."

बक्षीस पिसांना गेलं. वै. दिवसभर फुरंगटली. साहेबाची बायको बक्षीस देणार आणि साहेबाची बायकोच घेणार, त्यात फुरंगटायचं काय.

शेवटच्या रेसआधी मी वै.ला विचारलं, साधी माणसं कुठं उभी राहतात. तिनं दाखवलं. उजवीकडं लांब, लोखंडी कठडा, पलीकडं गर्दी. पांढरे सदरे. मी म्हटलं, तू तिकडं जा लिझाला घेऊन, कठड्यापाशी, आणि तिथून माझा फोटो काढ.

"इथूनच काढते ना, आजी. जवळून चांगला येतो."

"जवळून नको."

तिनं कठड्याकडं बघितलं. गेल्या दोघी वळसा घालून. मी उभी. मागं खुर्च्या, पुढं हिरवळ, ऊन तोंडावर. कठड्याशी वै. अंगठ्याएवढी दिसत होती. पिवळी ओढणी म्हणून ओळखली. तिचा हात वर झाला. मी मान हलवली नाही.

आली तेव्हा विचारलं, "फुलं दिसली का तिथून?"

"कॅमेऱ्यातून सगळं बारीकच दिसतं गं. फोटोत कळेल."

खोटं नाही बोलली. तेवढं बरं केलं.

४ फेब्रु.

शालन म्हणते, तिथं आरसा बघितलात का? वै. म्हणाली बायकांच्या खोलीत भिंतभर आरसा होता, डोक्यापासून पायापर्यंत.

मी गेलेच नाही त्या खोलीत. पाणी प्यायले नव्हते ना.

वै. बघत राहिली माझ्याकडं. म्हटलं, बघतेस काय, जा, नळ आलाय.

६ फेब्रु.

टोपी बघितली नीट. पुढची पाच फुलं शाबूत, एक अर्धं. मागची ओळ सगळी गेली. डाव्या कडेचं एक फूल कधी तोडलं आठवत नाही. फोटोच्या आधी की नंतर? वै.लाही आठवत नाही. आत अस्तराला खोबरेलाचा डाग पडलाय, रुपयाएवढा. मिसबाईनं हाकललं असतं.

आता परातीतलं पाणी ओतून टाकलं. मुंग्यांना मोकळीक. पातेलं धुऊन शालनला दिलं. ती म्हणाली, "वरणाला गोड वास येतोय." म्हटलं, खा.

९ फेब्रु., रविवार

फोटोचं विचारलं नाही मी. वै.नं आपणहून सांगितलं. लिझाच्या कॅमेऱ्यात छत्तीसचा रोल. रेसला पंधरा काढले. एकवीस शिल्लक. रोल भरल्याशिवाय धुवायला टाकत नाही ती. मधेच काढला तर वाया जातो म्हणे. तिच्या भावाचं लग्न मे महिन्यात, गोव्यात.

मे.

म्हटलं, हापिसात तिला बाकी काही नाही का फोटो काढण्यासारखं. टायपिंगचे काढा.

१६ फेब्रु., रथसप्तमी

दूध उतू घातलं अंगणात. हलव्याचे दिवस संपले.

दत्ता दाढी करत होता. आरशात बघतच म्हणाला, "आई, बाबा त्या कठड्याशी कुठल्या अंगाला उभे असायचे?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर आत बसून फुलं करत होते. दुधाचं भांडं घासायला घेतलं. म्हटलं, फोटो आला की बघू.

तो म्हणाला, "कधी येणार?"

"मेमध्ये."

त्यानं पुन्हा साबण लावला, लावलेलाच होता तरी.

दुपारी शालनला सांगितलं, चाळीत कुणाचं बारसं, साखरपुडा, काही असेल तर लिझाला बोलवू. फुकट काढून देईल फोटो, जेवायला घालू तिला. शालन म्हणाली, तिसऱ्या मजल्यावरची नवी सून पोटुशी आहे म्हणतात. वर जाऊन विचारलं. तिला सप्टेंबर सांगितलाय.

दोन जिने उतरून आले. लोकांना कशाची घाई म्हणून नाही.